धाकटी धुराच्या परीक्षेत नापास

काकांच्या घराण्यात नापास व्हायची पद्धत नव्हती. वडील पहिल्या फटक्यात पास, काका स्वतः खात्याच्या सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास, आणि मुलीचा तर पहिला नंबर हुकला की घरात दोन दिवस रेडिओ लागत नसे. म्हणून तपासणी केंद्राच्या खिडकीतून पिवळा कागद बाहेर आला आणि त्यावर जांभळ्या शाईत ‘नापास’ असा शिक्का दिसला, तेव्हा काकांनी तो सहज मागच्या माणसाकडे सरकवला. त्याचाच असणार, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“काका, माझी स्कूटर आहे,” तो माणूस म्हणाला. “यात चार चाकं लिहिलीयत.”

चार चाकं म्हणजे धाकटी. काकांच्या घरात आधी मुलगी आली, तिच्यामागून दोन वर्षांनी गाडी आली, म्हणून गाडी धाकटी. थोरली शिकली, लग्न होऊन परगावी गेली, तिच्या कानामागे दोन-चार केस पिकलेसुद्धा. धाकटी दारातच राहिली. मूळ रंग दुधी. आता त्या दुधावर साय धरली होती, इतकंच. काका तिला चाळिसाच्या वर कधी पळवत नसत आणि पावसात सहसा बाहेर काढत नसत. रोज सकाळी तिचं दार उघडून, आत बसून पेपर वाचत. घरात वाचलेल्या बातमीपेक्षा गाडीत वाचलेली बातमी जास्त पटते, असं त्यांचं मत होतं.

जुन्या गाड्यांची धूर-तपासणी सक्तीची झाली, त्यात धाकटीचा नंबर लागला. केंद्र घरापासून दोन गल्ल्या सोडून. काका आणि काकू नटूनथटून गेले, जसे शाळेच्या प्रवेशाला मुलीला घेऊन गेले होते तसेच. रांग दीड तासाची होती. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे नळ सोडून गावाला जाणं, हे काकांचं जुनं तत्त्व. तेव्हा त्यांनी रांगेत शिरल्या शिरल्या इंजिन बंद केलं. पुढची गाडी हलली की काका खाली उतरून मागून ढकलत आणि काकू स्टिअरिंगचं चक्र धरून बसत. अशी वीत-वीत सरकत दोघं मशीनपाशी पोचली. तपासनिसाने गाडी चालू करायला सांगितली, मागच्या नळकांड्यात आपली नळी खुपसली आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा आला. विषारी वायू तीनच्या आत हवा होता. धाकटीचा पाच पूर्णांक आठ.

पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्रमाणपत्राशिवाय वाहन रस्त्यावर चालवू नये. तीस दिवसांत पुन्हा तपासणी करावी. एकूण संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झाल्यास नोंदणी रद्द.

काकांनी ते दोनदा वाचलं आणि गाडीची किल्ली खिशात टाकली.

“चला,” ते काकूंना म्हणाले. “ढकलत नेऊ.”

“अहो, दोनच गल्ल्या आहेत. आलो तसे जाऊ.”

“आलो तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. आता लेखी आहे.”

इथे काकांच्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काका चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागात होते. लेखी आलेल्या गोष्टीपुढे त्यांचं काही चालत नसे. चालावं असं त्यांना वाटतही नसे. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘परिपत्रक’ म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. महत्त्वाचा कागद हाती आला की ते तो पुठ्ठ्यावर खळीने चिकटवत, चारी कडांना काळी कापडी पट्टी लावत आणि वरून प्लॅस्टिक चढवत. त्यांच्या लग्नाचा दाखला, मुलीच्या गुणपत्रिका, गॅस जोडणीची पावती, सगळं असं पुठ्ठ्यावर उभं होतं. एकदा घरात पाणी शिरलं होतं तेव्हा शेजाऱ्यांची कागदपत्रं लगदा झाली आणि काकांची तरंगली. त्याच दुपारी ‘नापास’चा कागदही पुठ्ठ्यावर गेला. अपमान झाला म्हणून काय, दस्तऐवज तो दस्तऐवज.

गाडी ढकलत आणणं ही गोष्ट लपून राहत नाही. संध्याकाळपर्यंत गल्ली दारात जमली. समोरचे प्रोफेसर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितलं की दोष हवेतल्या आर्द्रतेचा आहे, ज्वलन ही फार नाजूक गोष्ट असते. शेजारचे बँकवाले म्हणाले, नाजूक कसली, पेट्रोल जुनं झालंय. ते स्वतः सायकलवर फिरत, पण मोटारीबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं मोटारवाल्यांनाही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतूनच विचारलं की सायलेन्सर आतून धुऊन काढला तर? काकांनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकलं. घरातलं माणूस आजारी पडलं की भेटायला येणाऱ्यांचं ऐकतात, तसं.

काकू मात्र बाजूला उभ्या राहून वेगळाच विचार करत होत्या. त्यांना धाकटीची काळजी होतीच, पण काळजीहून मोठी होती उत्सुकता. आकडा पाच पूर्णांक आठच का? सहा का नाही, चार का नाही? काकू शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होत्या. परीक्षानळ्या धुणं, बर्नर पेटवून देणं, तास संपला की फुटलेलं मोजणं, हे त्यांचं काम. शिक्षक बदलले, मुलं बदलली, प्रयोग तेच राहिले, आणि काकूंनी प्रत्येक प्रयोग मागच्या बाकाजवळ उभं राहून तीस वेळा पाहिला. त्यांना कुणी कधी निष्कर्ष विचारला नाही. मग त्या तो मनातल्या मनात काढत, आणि पुष्कळदा तो बरोबर येई.

रात्री मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “बाबा, किती दिवस सांभाळणार? द्या की आता सोडून.”

काकांनी “बरं” म्हटलं आणि फोन काकूंकडे दिला. त्या रात्री त्यांनी पोळी अर्धीच खाल्ली. थोरलीनेच धाकटीला सोडून द्या म्हणावं, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याचं गॅरेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे. पण धाकटीचं बॉनेट गेली वीस वर्षं त्याच्याशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं. त्याच्याकडे गॅरेजची लाल पाटी होती. ती लावली की गाडी दुरुस्तीपुरती मिस्त्रीची, असा काकांनी नियमाचा अर्थ लावला. तरी गाडी गेटातून बाहेर पडताना ते कुंडीतल्या रोपाकडे बघत राहिले. मिस्त्रीने प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला. परत निघताना वाटेत ओळखीच्या माणसाच्या मशीनवर धूर तपासला. एक पूर्णांक नऊ. पास, आणि तोही चांगल्या गुणांनी.

“आता डोळे मिटून न्या,” मिस्त्री किल्ली देत म्हणाला.

तो बोलत होता तेवढ्यात गल्लीतलं भुरं मांजर कुठूनसं आलं, उडी मारून बॉनेटवर चढलं आणि पाय पोटाशी घेऊन झोपलं. काकूंनी ते पाहिलं. तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तपासणीच्या दिवशी काकांनी लाल पाटी मागून आणावी, असं बँकवाल्यांनी सुचवलं. काका ठाम होते. पाटी दुरुस्तीसाठी, परीक्षेला बसताना दुसऱ्याची ओळख लावणं म्हणजे तोतयेगिरी. तेव्हा सकाळी गल्लीतली चार माणसं मागून ढकलायला लागली, काकूंनी चक्र धरलं, आणि प्रोफेसर पुढे चालत “डावीकडे, किंचित डावीकडे” म्हणत राहिले. वाटेत एक चढ आहे हे त्या दिवशी गल्लीला पहिल्यांदा कळलं. रस्त्यातली माणसं थांबून बघत. एका भाजीवाल्याने काट्यावरचं वजन तसंच ठेवून दहा पावलं हातभार लावला आणि गाडीला काय झालं म्हणून विचारलं. काका धापा टाकत म्हणाले, “काही नाही. उत्तम चालते.”

केंद्रावर तपासनिसाने पुन्हा नळी खुपसली. सहा पूर्णांक एक.

म्हणजे अभ्यास करून बसलेल्या मुलीला आधीपेक्षा कमी मार्क. नवा कागदही मिळाला नाही, दुसरी नोंद केंद्राच्या वहीतच झाली. येताना चढाचा उतार झाला होता, तरी गाडी आणायला जास्त वेळ लागला, कारण कुणाच्याच हातात जोर उरला नव्हता.

त्यानंतरचे आठ दिवस काकूंनी फार वाईट काढले. काकांनी मिस्त्रीला फोन करून विचारलं की तुमचा एक पूर्णांक नऊ आला कुठून. मिस्त्री दुखावला. वीस वर्षांत काकांनी त्याला असा प्रश्न केला नव्हता. तो म्हणाला, माझ्याकडे पास होते, तुमच्याकडे नापास होते, तर दोष गाडीत नाही, तुमच्या केंद्रात आहे. काकांनी केंद्राला मशीन तपासण्याविषयी तीन पानी अर्ज केला. केंद्राने उत्तर दिलं की मशीनचं स्वतःचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं आहे. काका जाऊन बघून आले. होतं. शिवाय ते पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं. तिथे त्यांचा विरोध संपला.

बँकवाल्यांच्या सांगण्यावरून जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. प्रोफेसरांच्या सांगण्यावरून कोरड्या हवेचा दिवस शोधायला काकांनी पेपरातलं हवामान कापून ठेवायला सुरुवात केली. आणि एका दुपारी एक भंगारवाला गेटाशी आला. त्याला कुणी कळवलं होतं देव जाणे.  नुसता धाकटीकडे बघत उभा राहिला आणि मग अदबीने म्हणाला, “घाई नाही. तिसरीनंतर येतो.”

दुसऱ्या दिवसापासून काका पेपर घरात वाचायला लागले. काकूंना हे सगळ्यात जास्त खुपलं. खुर्चीत बसलेले काका एकाएकी म्हातारे दिसत होते.

मग काकूंनी माळ्यावरून मुलीची जुनी विज्ञानाची वही काढली. मागची बरीच पानं कोरी होती. समोरच्या छापील चौकटी त्यांना तोंडपाठ होत्या: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. उद्देशापुढे त्यांनी लिहिलं, ‘धाकटी काकांच्या हाती नापास आणि मिस्त्रीच्या हाती पास का होते हे पाहणे.’ मग निरीक्षणात आठवेल ते सगळं घातलं. तीस वर्षांत एवढं शिकल्या होत्या की आधी सगळं लिहावं, फालतू काय ते नंतर ठरवावं. वार कुठला. ऊन की ढग. गाडीत कोण बसलं. काकांनी कुठला सदरा घातला. पेट्रोल किती. मांजर कुठे.

मांजरापाशी पेन्सिल थांबली.

मिस्त्रीने गाडी आणली तेव्हा मांजर बॉनेटवर झोपलं होतं. पहिल्या तपासणीहून गाडी ढकलत आणली तेव्हा? काकूंनी डोळे मिटून आठवलं. त्यांची आठवण मोठी पक्की. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला कोण कुठे बसलं होतं हे त्या आजही सांगतात. मांजर चढलं होतं, पंजे टेकून वास घेतला होता आणि लगेच उतरून पायरीवर जाऊन बसलं होतं. दुसऱ्या वेळी तर चढलंच नाही. लांबूनच बघून गेलं. म्हणजे निकाल मांजराला न सांगताच कळत होता. काकूंनी ते तसंच लिहिलं: ‘मांजर झोपल्यास पास. मांजर न झोपल्यास नापास.’ वाचून त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग हसू थांबलं. मांजर काय बघून झोपतं? रंग नाही, आकडा नाही. ऊब.

त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला. थंडगार.

त्यांना प्रयोगशाळेतला बर्नर आठवला. त्याच्या बुडाशी हवेची एक लहानशी खिडकी असते. ती बंद असली की ज्योत पिवळी, मोठी आणि धुरकट. वर धरलेली परीक्षानळी क्षणात काळी होते, आणि ती घासताना मदतनिसाची बोटं जातात. खिडकी उघडली की ज्योत निळी, नीट, मुकी. आणि धाकटी गार असताना काका काय करतात? समोरची चोकची मूठ ओढतात. मिस्त्री एकदा म्हणाला होता, चोक ओढला की इंजिनाची हवा कमी होते, गार इंजिनाला तशीच लागते, तापलं की मूठ आत ढकलायची.

काकूंनी मिस्त्रीला फोन लावला.

“गाडी गार असताना तपासली तर काय होईल हो?”

“नापास होईल,” मिस्त्री म्हणाला. “नवी असली तरी होईल. पण गार कशी असेल काकू? मी दिली तेव्हा पुलावरून आलेली, चांगली तापलेली. तुम्हीही चालवतच नेता ना केंद्रावर?”

“ढकलत नेतो.”

पलीकडे हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ढकलत,” मिस्त्री म्हणाला. “आणि तिथे पोचल्यावर चालू करता.”

“हो. चोक ओढून.”

“काकू, तुम्ही फोन काकांना देऊ नका,” मिस्त्री म्हणाला. “मी जरा पाणी पिऊन येतो.”

आता कुणालाही वाटेल की इथे गोष्ट संपली. गाडी तापवून न्यायची, पास व्हायचं, घरी यायचं. पण काकूंच्या घरात नियम राहत होता, आणि तो काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसत असे. काकांनी काकूंचं सगळं नीट ऐकलं. मांजराचं निरीक्षण त्यांना विशेष आवडलं. ते म्हणाले, तर्क निर्दोष आहे. पण गाडी तापवायला चालवावी लागेल, आणि प्रमाणपत्राशिवाय चालवायची नाही असं लेखी आहे. दारात उभी करून तापवली तरी केंद्रापर्यंत ढकलताना निम्मी गार होणार आणि रांगेत पूर्ण.

“मग नियमासाठी धाकटीला भंगारात घालायचं?” काकूंनी विचारलं.

 काका म्हणाले, “अगं, चौतीस वर्षं मी लोकांना परत पाठवलं. एका कागदासाठी. कुणाची आई आजारी होती, कुणाची नोकरी जात होती. सगळ्यांना म्हटलं, नियम आहे. आता माझी वेळ आली म्हणून मी मोडू?”

 हे भांडण असतं तर काकू जिंकल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुठ्ठा पिशवीत घालून एकट्याच केंद्रावर गेल्या. गाडी तपासणीपुरती चालवायची लेखी परवानगी मिळते का, हे विचारायचं होतं. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

“हे काय आहे?”

“तुमचा कागद.”

“आमचा कागद एवढा जड नसतो. याची मागची बाजू कुठाय?”

“मागे पुठ्ठा आहे.”

“ते दिसतंय मला. मागची बाजू वाचली का तुम्ही?”

काकूंनी पुठ्ठ्याच्या कडेला नख लावलं, पण पट्टी हलली नाही. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बहुधा त्यांना दया आली.

“घरी जाऊन वाचा,” त्या म्हणाल्या. “मग परवानगी लागते का ते सांगा. मागे बरेच उभे आहेत.”

काकूंनी वाटेत मनाशी खूप वाक्यं जुळवली, पण घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “अहो, याच्या मागे काहीतरी छापलंय म्हणे.”

काकांचा चेहरा रेकॉर्ड विभागातला कुलपाचा कप्पा उघडा सापडावा तसा झाला. त्यांनी स्वतः पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. स्वतः प्लॅस्टिक सोडवलं. काळी पट्टी सोलताना खालच्या कोपऱ्यात बारीक तीन अक्षरं निघाली: कृ. मा. पा. कृपया मागे पाहा. ती नेमकी पट्टीखाली गेली होती. हीच अक्षरं काकांनी नोकरीत किती कागदांवर स्वतःच्या हाताने लिहिली असतील याला गणती नाही.

वाफेवर पुठ्ठा धरून काकू कड सोडवत होत्या आणि काका सपाट सुरीने हळूहळू कागद उचलत होते. चौतीस वर्षांच्या अनुभवाची खळ, ती सहजी सोडेना. पाऊण तास लागला. मागचा मजकूर ओला, सुरकुतलेला, पण वाचता येत होता. काकांनी तो मोठ्याने वाचला, जसा कचेरीत वाचत असतील तसा, स्वच्छ आवाजात.

“एक. सदर पावतीवर तीस दिवसांपर्यंत वाहन दुरुस्ती व फेरतपासणीकरिता चालवण्यास मुभा आहे. दोन. तपासणीपूर्वी वाहन किमान वीस मिनिटे चालवून इंजिन पूर्ण तापवून आणावे. तीन. रांगेत इंजिन बंद करू नये.”

पातेल्यातलं पाणी उकळत राहिलं. काकूंनी गॅस बंद केला.

“तिन्ही,” काका म्हणाले. “तिन्हीच्या तिन्ही मोडले मी.”

“तुम्ही कुठे मोडले? तुम्ही चिकटवले.”

हे सांत्वन होतं की टोमणा, हे काकूंनाही नक्की ठाऊक नव्हतं. काका मात्र पहिल्यांदा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तीस दिवसांतला तो एकोणतिसावा दिवस. सकाळी दारात गल्ली हजर. बँकवाले बुटांची नाडी आवळून आले होते, भाजीवालाही चढापाशी थांबलेला असल्याचं कळलं. काकांनी सगळ्यांना हात जोडले आणि सांगितलं की आज ढकलायचं नाही. का नाही, ते सांगायचं त्यांनी टाळलं. प्रोफेसरांनी विचारलंच, तेव्हा म्हणाले, “नवा संदर्भ हाती आलाय.”

धाकटी महिन्याभराने काकांना घेऊन आपल्या पायांनी गेटाबाहेर पडली. केंद्र उजवीकडे, काका डावीकडे वळले. वीस मिनिटं कुठे काढायची हे आधी ठरवलेलं नव्हतं, तेव्हा गाडी आपोआप जुन्या रस्त्यांना लागली. मुलीची शाळा आली. फाटक बदललं होतं. जिथे तिला गाडी शिकवताना काकांनी एकूण तीनदा डोळे मिटले होते ते मैदान आलं. तिथे आता इमारती होत्या. ज्या दवाखान्यातून काकूंच्या सासूबाई हट्टाने पुढच्या सीटवर बसून घरी आल्या होत्या तो आला.  काटा चाळिसावर होता.

“जरा पळवा,” काकू म्हणाल्या.

“चाळीस म्हणजे...”

“चाळिसाचं कुठे लेखी आहे?”

काकांनी विचार केला. कुठेच नव्हतं. त्यांनी पाय दाबला. धाकटी आधी थरथरली, मग एकदा मोठ्याने खोकली, तिच्या मागून काळा भपकारा निघून गेला, आणि त्यानंतर तिचा आवाज इतका मऊ झाला की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचावन्न. साठ. काकूंच्या डोक्यावरचा रुमाल उडाला आणि त्यांनी तो उडू दिला. चोकची मूठ त्यांनी स्वतः आत ढकलली.

रांगेत सात गाड्या पुढे होत्या. इंजिन चालू. काकांचा हात तीनदा किल्लीकडे गेला. चौथ्या वेळी काकूंनी आपला हात किल्लीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. चार गाड्या झाल्या आणि तपासनीस चहाला गेला. धाकटी धडधडत होती. तापमानाचा काटा चढायला लागला. इतके दिवस ती गार होती म्हणून नापास झाली. आता उकळून बंद पडली तर तिसरी संधीही गेली. कलम तीन सोडायचं तरी कसं? काटा लाल रेघेला टेकला. काका उतरले, बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं आणि पुठ्ठ्याने इंजिनाला वारा घालू लागले. हा तोच पुठ्ठा, ‘नापास’चा, कागद सोडवल्यावर तो रिकामा झाला होता. वाळलेला कागद काकूंच्या पर्समध्ये होता.

तपासनीस चहा पिऊन आला. काटा रेघेवर थरथरत होता. नळी गेली. पडद्यावर आकडा फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

दोन पूर्णांक एक.

काकांनी तो मागच्या माणसाला दाखवला नाही. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे, आणि मग सावकाश इंजिन बंद केलं.

खिडकीत त्याच बाई होत्या. प्रमाणपत्राआधी त्यांनी एक फॉर्म बाहेर सरकवला. दोनदा नापास होऊन पास झालेल्या गाडीसाठी तो भरावाच लागे. ‘केलेल्या दुरुस्तीचा तपशील’ अशी एक ओळ, आणि तिच्याखाली ‘दुरुस्ती करणाऱ्याचे नाव’.

काका पेन घेऊन बराच वेळ उभे राहिले. प्लग, फिल्टर, पेट्रोल असं पुष्कळ काही लिहिता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण सरकारी फॉर्मवर खरं कारण लिहायची त्यांना सवय होती. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कागदाची मागची बाजू वाचली.’ खालच्या ओळीत त्यांनी काकूंचं पूर्ण नाव घातलं आणि पुढे कंसात ‘प्रयोगशाळा’.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिक्का मारला.

घरी आल्यावर भुरं मांजर बॉनेटवर झोपलं. काकांनी मुलीला फोन करून आकडा सांगितला, दशांश चिन्हासकट. मग नेहमीच्या जागी बसून त्यांनी नवा पुठ्ठा कापला, खळ ढवळली आणि प्रमाणपत्र हातात घेतलं. ब्रश वर उचलला तसा खाली ठेवला. प्रमाणपत्र उलटं केलं.

मागची बाजू कोरी होती. तरी काकांनी ती दोनदा वाचली.